मदत हवी आहे: क्रोनप्लाट्झवरच्या मेसनर संग्रहालयात आईला नेता येईल का?

सप्टेंबरमध्ये आईला घेऊन म्युनिकहून इटलीतल्या ब्रुनेकला जातोय. तिथल्या क्रोनप्लाट्झ डोंगराच्या माथ्यावर, २२७५ मीटरवर, गिर्यारोहक राइनहोल्ड मेसनर यांचं कोरोनेस संग्रहालय आहे ना (वास्तुविशारद झहा हदीद यांनी आखलेलं, २०१५ चं), ते बघायचंय. वर जायला केबलकार आहे, ती चिंता नाही. चिंता आतल्या जिन्यांची. संग्रहालय बरंचसं डोंगराच्या पोटात आहे, फोटोत जिने उतरतच जातात आणि टोकाला ती डोंगर दाखवणारी मोठी काच. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. काठी घेऊन सपाटीवर अर्धा तास चालते, पण उतरताना कठडा लागतोच. व्हीलचेअरला ठाम नकार! संग्रहालयाला ईमेल केलाय, उत्तर नाही. नुकतंच कुणी गेलं असेल तर सांगा: आत लिफ्ट आहे का, की त्या काचेपर्यंत जिन्यानेच उतरावं लागतं?