आबा आणि बॅरीची कोळशाची लाईन

छकुली: फोटो पाठवलाय बघा. वेल्समधल्या कार्डिफच्या उत्तरेला टॅफ्स वेल म्हणून गाव आहे, तिथे हा विटांचा जाडजूड खांब एकटाच उभा आहे. वर काही नाही, शेजारी काही नाही. समोरच्या टेकडीवर किल्ला दिसतो, त्याचाच बुरूज असेल का?

आत्या: किती बारीक झालीस गं. जेवतेस ना?

आबा: बुरूज कसला! पुलाचा खांब आहे तो. वॉलनट ट्री व्हायाडक्ट, बॅरी रेल्वेचा, म्हणजे कार्डिफजवळच्या बॅरी बंदराकडे कोळसा नेणाऱ्या कंपनीचा. १९०१ साली झाला. लांबी १५४८ फूट, उंची १२० फूट. १९६९ मध्ये पाडला.

दादा: आबा, गूगल केलंत ना? खरं सांगा.

आबा: फूट किती ते आत्ता पाहिलं. बाकीचं आधीपासून ठाऊक. जन्मभर मालगाड्यांचे हिशेब केलेत, कोळशाच्या लाईनी काय मला नव्या?

छकुली: सांगा ना मग, पूर्ण.

आबा: ऱ्होंडा खोऱ्यातला कोळसा म्हणजे त्या काळी जहाजांसाठी पहिल्या नंबरचा. इंग्रजांचं आरमार त्याच्यावर चालायचं. पण खाणीतून बाहेर पडला की वाट एकच, टॅफ व्हेल रेल्वेने खाली कार्डिफला. आणि तिथल्या गोद्या लॉर्ड ब्यूटच्या घराण्याच्या. भरलेल्या वॅगनींची रांग लागायची, जहाजं बाहेर खोळंबायची. खाणवाल्यांनी किती बोंब मारली तरी ऐकणार कोण? शेवटी डेव्हिड डेव्हिस म्हणून खाणमालक होता, ऐन उमेदीत लाकडं कापणारा करवत्या, तो म्हणाला, आपलीच लाईन टाकू, आपलीच गोदी बांधू. १८८३ ला पार्लमेंटने परवानगी नाकारली. हा पुढच्याच वर्षी पुन्हा हजर! १८८४ ला मिळाली. जुलै १८८९ मध्ये बॅरीची गोदी सुरू. पुढच्या वर्षी डेव्हिस वारला.

दादा: म्हणजे भोगायला राहिलाच नाही.

आबा: पाया घातला ना त्याने. काहीशे वस्तीचं खेडं होतं बॅरी. १९११ ला ३३ हजारांच्या वर माणसं. १९१३ ला तिथून १ कोटी १० लाख टन कोळसा बाहेर गेला, कार्डिफपेक्षाही जास्त.

नानाकाका: १ कोटी १० लाख?? वर्षाला? हातांनी भरायचे की काय?

आबा: हातांनी कशाला. मला सगळ्यात आवडतं ते हेच. गोदीच्या काठाला उंच मनोरे होते. एकेक वॅगन त्यात उचलायची, वर नेऊन तिरकी करायची, की पुढचं दार उघडून कोळसा घसरगुंडीवरून थेट जहाजाच्या पोटात. फक्त उंचावरून आपटू द्यायचा नाही. ढेकूळ फुटून चुरा झाला की भाव पडला!

आत्या: अगदी पापडासारखं. तुकडे झाले की कोणी घेत नाही.

आबा: बरोब्बर! आता छकुलीचा पूल. पूर्वेच्या ऱ्हिम्नी खोऱ्यातलाही कोळसा ओढायचा म्हणून ही शाखा काढली. खालून टॅफ व्हेलची गाडी, वरून बॅरीची. सवतीच्या डोक्यावरून रोज वरात काढल्यासारखं.

दादा: मग बंद का पडली? डिझेल आलं म्हणून?

आबा: नाही रे. जहाजं तेलावर गेली, पहिल्या महायुद्धानंतर कोळशाचं गिऱ्हाईकच आटलं. त्यात १९२२ मध्ये बॅरी आणि टॅफ व्हेल दोन्ही ग्रेट वेस्टर्न या मोठ्या रेल्वे कंपनीत विलीन. भाऊबंदकीत दोघांनी दोन विहिरी खणाव्या आणि मग घर एकत्र व्हावं, तसं झालं. एक विहीर बुजवायची ती कुणाची? नंतर आलेली, बॅरीची. पाँटिप्रिडकडून वेन्व्होच्या बोगद्यातून येणारी प्रवासी गाडी सप्टेंबर १९६२ ला थांबली. मार्च १९६३ मध्ये वाटेतली एक सिग्नल केबिन जळाली, त्यानंतर ती वाट पुन्हा सुरू केलीच नाही. कोळसा असता तर आठवड्याभरात नवी केबिन उभी केली असती.

नानाकाका: हे मात्र पटलं.

छकुली: पण बॅरीला तर ट्रेन जाते! समुद्रावर जायला आम्ही गेलो होतो मागे.

आबा: कार्डिफकडून जाते ना. वरून खोऱ्यातून येणारी गेली. आणि त्याच गोदीच्या सायडिंगवर, म्हणजे बाजूच्या रुळांवर, पुढे भंगाराचा धंदा निघाला. ब्रिटिश रेल्वेने वाफेची इंजिनं सेवेतून काढली, ती तोडायला तिथे यायची. वॅगनी तोडायला सोप्या, म्हणून मालकाने आधी वॅगनी घेतल्या आणि इंजिनं गंजत पडून राहिली. त्यातली २०० च्या वर हौशी लोकांनी विकत घेऊन वाचवली, काही आजही धावतात.

दादा: आळसाने इंजिनं वाचली. ऐकतेयस ना आई?

आत्या: तू आधी कपाट आवर.

छकुली: रविवारी परत जाणार आहे तिकडे. काय बघू?

आबा: त्या खांबाच्या अगदी पायथ्याशी जा. विटांचे थर कसे लावलेत त्याचा जवळून फोटो काढ. आणि माथ्यावर गर्डर, म्हणजे पुलाची लोखंडी तुळई, टेकायची बैठक दिसत असेल तर तेवढी मोठी करून पाठव.