बारा वर्षांच्या लॅबसाठी (लॅब्रडॉर कुत्र्यासाठी) गादी: मेमरी फोम की साधा?

प्रश्न (टाइलवाला): लॅब आहे, वय १२, वजन ३४ किलो. दोन्ही खुब्यांत संधिवात, औषधं चालू आहेत. उठताना मागचे पाय घसरतात, कोपरांवर घट्टे पडलेत. ऑनलाइन घेतलेली 'ऑर्थोपेडिक' गादी सहा महिन्यांत मधोमध बसली. घरात सगळीकडे टाइल्स. आता काय घ्यावं?

फोमकर: 'ऑर्थोपेडिक' हा शब्द कुणीही छापू शकतं. चेन उघडून बघा, आत बहुतेक फोमचे तुकडे नाहीतर फायबर निघेल. ते वजनाखाली बाजूला सरकतं आणि खुबा थेट फरशीला टेकतो.

गादीवाल्याकडून अखंड शीट कापून घ्या. कुत्रा आडवा पसरून झोपला की नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत आणि पाठीपासून पंजांपर्यंत माप घ्या, दोन्ही मापांत ८-८ इंच वाढवा. लॅबला साधारण ४८ बाय ३६ लागतं. खाली ३ इंच, ४० डेन्सिटीचा कडक फोम आणि वर १ इंच मेमरी फोम. नुसता मेमरी फोम नको, ३४ किलोखाली तो पार चेपतो.

डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. एका घनमीटर फोमचं वजन किती किलो, एवढंच ती सांगते; फोम किती दिवस न बसता टिकेल याचा अंदाज त्यावरून येतो. त्यामुळे दुकानात शीट सरळ काट्यावर ठेवा. ४८ बाय ३६ बाय ३ ची शीट ४० डेन्सिटीची असेल तर साधारण ३.४ किलो भरायला हवी. २.४ भरली तर २८ चा माल ४० म्हणून देतायत. मग दोन्ही थर एकावर एक ठेवून गुडघा रोवा. खालची फरशी लागली तर परत करा.

टाइलवाला: तयार गादीला चारी बाजूंनी लोड असतो, तसा करावा का?

फोमकर: तीन बाजूंना चालेल, चौथी मोकळी हवी. खुबे दुखणारा कुत्रा लोड ओलांडताना अडखळतो, मग गादीवर जायचंच टाळतो. एकूण उंचीही ४-५ इंचांवर नको. खाटेसारखे उंच बेड हवेशीर असतात खरे, पण याच्यासाठी नकोत.

विदर्भातून: मेमरी फोम गरम होतो, हे कुणी सांगत नाही. एप्रिल-मेमध्ये कुत्रा गादी सोडून फरशीवर जातो आणि लोक म्हणतात, 'त्याला गादी आवडत नाही.' उन्हाळ्यात वरचा थर काढा, ३ इंचांवर जाड सुती खोळ पुरे. रेक्झिनची खोळ तर नकोच, घामट आणि निसरडी.

लघवीसाठी फोमला आतून वॉटरप्रूफ प्रोटेक्टर (वर टॉवेलसारखं टेरी कापड, खाली पाणी अडवणारा पातळ पीयूचा थर) आणि त्यावर सुती खोळ, तीही दोन जोड. खोळ धुताना शिवणी उलटून बघा, गोचिडी तिथेच दडतात. फोममध्ये लघवी मुरली तर पावसाळ्यात तो वाळता वाळत नाही, वास राहतोच. काथ्याची गादी याच कारणाने बाद, बुरशी धरते. आणि गळती नवीनच सुरू झाली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, गादीचं नंतर बघू.

पंजा: गादी कितीही चांगली असली तरी उतरल्यावर पहिलं पाऊल टाइलवर पडतं, घसरतो तो तिथे. मोकळ्या बाजूला रबरी बुडाची चटई अंथरा, निदान ३ फूट, आणि तशीच पाण्याच्या भांड्यापर्यंत. गादीखालीही जाळीदार अँटी-स्लिप टाका, नाहीतर तो उठताना जोर देतो आणि गादीच मागे सरकते.

तळव्यांमधले केस वाढले असतील तर कापा, नखंही. नखं फरशीवर टकटक वाजत असतील तर ती वाढलीच आहेत.

घट्ट्यांवर खोबरेल चालतं, फोड किंवा पाण्याची गाठ वाटली तर दाबू नका, सुई टोचू नका. जुनी गादी लगेच काढू नका. नवी तिच्या शेजारी ठेवा, वर त्याच्या वासाची गोधडी टाका. आठवडाभरात सरकला नाही तर जागा बदलून बघा, दारापासून लांब आणि माणसं दिसतील अशी.