मदत हवी आहे: रुकी (पहिल्याच मोसमातल्या) वाइड रिसीव्हरची (पास झेलणाऱ्या खेळाडूंची) २०१४ आणि २०२४ ची बॅच कशी तोलायची?

मंडळी, एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) नियमित बघणाऱ्यांना विचारतोय. २०२४ च्या ड्राफ्टमधल्या (संघ नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) तिघा वाइड रिसीव्हरांनी पहिल्याच मोसमात पास झेलून मिळवलेले हजार यार्ड ओलांडले: ब्रायन थॉमस ज्युनियर १२८२, मलिक नेबर्स १२०४, लॅड मकॉन्की ११४९. २०१४ च्या बॅचमध्येही तिघेच होते: ओडेल बेकहॅम ज्युनियर १३०५, माइक इव्हान्स १०५१, केल्विन बेंजामिन १००८. बेरीज केली तर नवी बॅच सरस दिसते. पण मला ते पटत नाही. २०२१ पासून मोसम १७ सामन्यांचा झालाय, २०१४ मध्ये १६ चा होता. शिवाय बेकहॅम फक्त १२ सामने खेळला, म्हणजे सामन्यामागे जवळपास १०९ यार्ड! नेबर्सचे १५ सामन्यांत ८० च्या आसपास पडतात.

बरं, पहिल्या मोसमावरून बॅच ठरवायची तर दवांते ॲडम्सचं काय? २०१४ मध्ये त्याचे जेमतेम ४४६ यार्ड होते आणि पुढे तोच लीगमधल्या सर्वोत्तम रिसीव्हरांत गणला गेला.

मग सामन्यामागची सरासरी धरायची, की तीन-चार मोसम थांबायचं? आणि १९९८ च्या रुकी रँडी मॉसचे १७ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन केलेले स्कोअर) आजच्या, जास्त पास फेकण्याच्या जमान्याशी कसे जुळवायचे? कुणी असा हिशेब मांडला असेल तर पद्धत नीट समजावून सांगा, प्लीज.