मदत हवी आहे: ग्रामर शाळेला पहिली पसंती देऊन मुलीची जवळची शाळा घालवली का?

नमस्कार.

आम्ही लंडनच्या वायव्य भागात राहतो आणि माझी मुलगी इयर सिक्समध्ये, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षात शिकते. माध्यमिक शाळेचा अर्ज आम्ही ३१ ऑक्टोबरच्या मुदतीआधी दहा दिवस भरला. १ मार्चला संध्याकाळी निकालाची ईमेल येईल, म्हणजे आता अडीच आठवडे राहिले. एकदा अर्ज भरला की हा विषय काही महिने बाजूला ठेवता येईल असे मला वाटले होते. परंतु तारीख जसजशी जवळ येते आहे तसतशी एकच शंका मला छळू लागली आहे, आणि या वाटेने आधी गेलेल्या पालकांनी तिचे निरसन करावे म्हणून हा धागा काढला आहे.

आमच्या बरोमध्ये (लंडनच्या स्थानिक प्रशासकीय विभागात) सहा शाळांची नावे देता येतात. आम्ही चार दिली. पहिल्या क्रमांकावर शेजारच्या भागातील ग्रामर शाळा, म्हणजे परीक्षेतून मुले निवडणारी सरकारी शाळा आहे. मुलगी सप्टेंबरमध्ये तिच्या प्रवेशपरीक्षेला, इलेव्हन प्लसला, बसली आणि ऑक्टोबरच्या मध्यात ती पात्र ठरल्याचे कळले, मात्र तिचे गुण पात्रतेच्या रेषेच्या थोडेच वर आहेत आणि पात्र मुलांची संख्या जागांपेक्षा पुष्कळ जास्त असते हे आम्हांला ठाऊक आहे. दुसऱ्या क्रमांकावर घराजवळची सर्वसाधारण शाळा आहे, आणि आमचा खरा जीव तिच्यातच अडकला आहे. तिसरी मुलींची शाळा आहे, जिच्या अंतराच्या मर्यादेत आमचे घर दरवर्षी आरामात बसते. चौथी दोन बस बदलून जावे लागेल इतकी लांब आहे. कुठेच नाव लागले नाही तर हाताशी असावी म्हणून ती लिहिली.

दुसऱ्या शाळेत गेल्या वर्षी अंतराच्या निकषावर शेवटची जागा ०.९१ मैलावरच्या मुलाला मिळाली. कौन्सिलच्या (बरोच्या स्थानिक प्रशासनाच्या) संकेतस्थळावर आमच्या घराचे अंतर ०.९४ मैल दिसते. म्हणजे फरक पन्नास मीटरचा आहे. माझ्या यजमानांनी नकाशावर घराच्या दारापासून, मागच्या गल्लीपासून आणि इमारतीच्या कोपऱ्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत सरळ रेषा ओढून पाहिली आणि प्रत्येक वेळी आकडा थोडा वेगळा आला. त्यांनी ते तीनही आकडे एका कागदावर लिहून फ्रिजवर लावले. मुलीने ते वाचले आणि काही न बोलता दूध घेऊन खोलीत निघून गेली. मी तो कागद त्याच रात्री काढून टाकला, पण तिने तो पाहिला होता हे मनातून जात नाही.

आता मूळ शंका. गेल्या आठवड्यात शाळा सुटण्याच्या वेळी एक परिचित आई मला म्हणाली की ग्रामर शाळेला पहिली पसंती देणे ही आमची मोठी चूक झाली, कारण जवळच्या शाळेला जेव्हा कळेल की आपण दुसऱ्या क्रमांकावर आहोत, तेव्हा ती शाळा आधी स्वतःला पहिली पसंती देणाऱ्या मुलांना घेईल आणि उरलेल्या जागा आमच्यासारख्यांना देईल. हे ऐकून मी हबकले. भाचीच्या अकरावी प्रवेशाच्या वेळी, पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आणि प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद व्हावे लागते, हा नियम मी जवळून पाहिला होता. त्यामुळे पहिल्या पसंतीला काहीतरी कठोर अर्थ असतोच, अशी धारणा माझ्या मनात पक्की आहे. आता क्रम बदलता येणार नाही हेही मला कळते. तरी पुढील गोष्टी कोणी समजावून सांगू शकेल का?

ग्रामर शाळेत जागा मिळाली नाही, तर दुसऱ्या शाळेतील आमचा हक्क खरोखरच मागे पडतो का? केवळ चौथी शाळा मिळाली किंवा न लिहिलेलीच एखादी शाळा पदरी पडली, तर ती नाकारल्यावर कौन्सिलला दुसरी द्यावी लागते का? आणि अपील नेमके कशाच्या आधारावर करतात?

प्रतिसाद १

ताई, आधी तुमच्या झोपेसाठी: त्या परिचित आईने सांगितलेली गोष्ट आज खरी नाही. एके काळी इंग्लंडमधील काही शाळा स्वतःला पहिली पसंती देणाऱ्यांना खरोखर प्राधान्य देत असत, आणि त्या काळच्या आठवणी पालकांमध्ये अजून तोंडोतोंडी फिरतात. २००७ च्या स्कूल ॲडमिशन्स कोडने, म्हणजे शाळाप्रवेशाच्या नियमावलीने, ती पद्धत बंद केली.

आता चालते ती समान पसंतीची पद्धत. तुमचे नाव चारही शाळांच्या यादीत एकाच वेळी जाते, पण तुम्ही कोणत्या शाळेला कितव्या क्रमांकावर ठेवले आहे हे शाळांना सांगितले जात नाही. प्रत्येक शाळा फक्त आपल्या निकषांनुसार सर्व अर्जदारांची क्रमवारी लावते: ज्यांच्या ईएचसी प्लॅनमध्ये (विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलांच्या अधिकृत आराखड्यात) त्या शाळेचे नाव आहे अशा मुलांना प्रवेश द्यावाच लागतो, मग कौन्सिलच्या देखरेखीखाली असलेली किंवा पूर्वी असलेली मुले, आणि त्यानंतर त्या त्या शाळेच्या नियमाप्रमाणे भावंडे, अंतर, धर्म, परीक्षेतील गुण वगैरे. या याद्या कौन्सिलकडे परत आल्या की तुमचा क्रम पहिल्यांदा उघडला जातो. समजा तुमच्या मुलीचा नंबर दुसऱ्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही शाळांत लागत असेल, तर तिला दुसरी दिली जाते आणि तिसरीतील जागा पुढच्या मुलासाठी सोडली जाते. ग्रामर शाळेत नंबर लागला नाही, तर दुसऱ्या शाळेकडे तिचे स्थान अगदी तेच राहते, जे ती शाळा पहिली लिहिली असती तरी राहिले असते. ०.९४ मैल हे अंतर पसंती बदलल्याने कमी झाले नसते आणि वाढलेही नाही.

म्हणून ज्या क्रमाने मनापासून शाळा हव्या आहेत त्याच क्रमाने त्या लिहाव्यात, एवढीच खरी रीत आहे, आणि तुम्ही तेच केले आहे. अकरावीच्या नियमाची इथे काहीच सोयरीक नाही.

सहा जागा असताना चारच नावे देणे मात्र मला पटले नाही. लंडनमध्ये पहिली पसंती मिळणाऱ्यांचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास राहते आणि उरलेल्या इंग्लंडपेक्षा ते कमी आहे; रिकाम्या सोडलेल्या ओळींचा फायदा कोणालाच होत नाही. तुमच्या यादीत तिसरी शाळा अंतरात बसणारी आहे म्हणून काळजीचे कारण कमी आहे, पण हे वाचणाऱ्या इयर फाइव्हच्या पालकांनी सहाच्या सहा ओळी भराव्यात.

प्रतिसाद २

वरील उत्तर बरोबर आहे; मी निकालानंतरच्या भागाबद्दल लिहितो, कारण त्यात आमचे स्वतःचे नुकसान होता होता राहिले.

मिळालेली शाळा आवडो वा न आवडो, पत्रात दिलेल्या तारखेच्या आत ती स्वीकारा. लंडनमध्ये ही तारीख सहसा १५ मार्चच्या सुमारास असते. स्वीकारल्याने प्रतीक्षायादीतील तुमचे स्थान किंवा अपिलाचा हक्क तसूभरही कमी होत नाही. उलट नाकारल्यास कौन्सिल दुसरी चांगली शाळा शोधून देईल असे समजू नका. हातातली जागा दुसऱ्याला जाईल आणि मूल सप्टेंबरमध्ये शाळेशिवाय राहण्याची वेळ येईल. आम्ही रागाच्या भरात नकाराचे बटण दाबणार होतो, पण माझ्या मोठ्या बहिणीने फोनवर अर्धा तास समजावले म्हणून थांबलो.

प्रतीक्षायादीबद्दल एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. ती यादी आधी आला तो आधी, अशी नसते. तिची क्रमवारी शाळेच्या निकषांनीच ठरते, त्यामुळे तुमच्यापेक्षा जवळ राहायला आलेल्या एखाद्या कुटुंबाने एप्रिलमध्ये अर्ज केला तर तुमचा क्रमांक खाली जाऊ शकतो. आमचा अकराचा तेरा झाला तेव्हा आम्हांला वाटले की कोणीतरी गडबड केली आहे. तसे काही नव्हते. मग स्वीकृतीची मुदत उलटल्यावर खाजगी शाळेत जाणाऱ्यांच्या जागा सुटल्या आणि तो सहावर आला, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, गणवेश घेऊन झाल्यावर, जागा मिळाल्याचा फोन आला. नियमानुसार ही यादी निदान ३१ डिसेंबरपर्यंत चालू ठेवावी लागते. तेव्हा पन्नास मीटरांचा फरक मार्चमध्ये जेवढा निर्णायक वाटतो तेवढा तो उन्हाळ्यात राहीलच असे नाही. शिवाय शेवटचे अंतर दरवर्षी हलते. एका वर्षी भावंडे कमी असली तर ते बरेच पुढे सरकते.

प्रतिसाद ३

अपिलाबद्दल. मी दोन वर्षांपूर्वी मुलासाठी केले होते, आणि ते फेटाळले गेले, हे आधीच सांगते.

ज्या ज्या शाळेने जागा नाकारली त्या प्रत्येकीसाठी वेगळे अपील करता येते. नकार कळल्यापासून अर्ज करण्यासाठी किमान २० शालेय दिवस मिळतात, आणि वेळेत केलेल्या अर्जांची सुनावणी मुदतीनंतरच्या ४० शालेय दिवसांत व्हावी लागते. अपील ऐकणारी समिती ही शाळा आणि कौन्सिल यांच्यापासून स्वतंत्र असते. ती आधी पाहते की प्रवेशाचे नियम कायदेशीर होते का आणि ते तुमच्या मुलाला नीट लावले गेले का, आणि आणखी एक मूल घेतल्याने शाळेची अडचण होईल हे शाळेने दाखवले आहे का. त्यानंतर खरा तोल येतो: शाळेची अडचण जास्त की तुमच्या मुलाची त्या शाळेची गरज जास्त. धाकट्या मुलांच्या वर्गांना असलेली तीसची कायदेशीर मर्यादा माध्यमिक शाळेला लागू नसल्यामुळे हा तोल इथे मोकळेपणाने केला जातो. तरीही सुनावणीपर्यंत पोहोचलेल्या माध्यमिक अपिलांपैकी साधारण पाचांत एक यशस्वी होते.

माझी चूक अशी की मी वीसपैकी पंधरा मिनिटे मिळालेली शाळा कशी नको, हेच सांगत राहिले. समितीतील एका बाईंनी शांतपणे विचारले, “मग या शाळेत असे काय आहे, जे तुमच्या मुलाला दुसरीकडे मिळणार नाही?” माझ्याकडे उत्तर तयार नव्हते. तुमच्या मुलीला ऐकण्याचा त्रास असेल आणि त्या शाळेत त्यासाठी खास कक्ष असेल, ती एखादे वाद्य गांभीर्याने शिकत असेल आणि ते तिथेच शिकवले जात असेल, डॉक्टरांचे किंवा शिक्षकांचे पत्र असेल, तर ते सर्व कागदावर द्या. केवळ शाळा जवळ आहे आणि मैत्रिणी तिथे जात आहेत, एवढ्याच आधारावर अपील टिकणे अवघड असते.

अंतर मात्र एकदा लेखी विचारा. कौन्सिल नोंदणीकृत पत्त्याच्या ठराविक बिंदूपासून स्वतःच्या प्रणालीने मोजते. घरच्या नकाशावरची रेषा तिथे धरली जात नाही. मोजणीत खरोखर चूक निघाली आणि त्या चुकीमुळेच जागा गेली असेल, तर तो अपिलाचा सर्वांत भक्कम आधार ठरतो.

आणि ताई, तो कागद फ्रिजवरून काढलात हे फार बरे केलेत. निकालाची ईमेल मुलीसमोर उघडू नका. आधी तुम्ही दोघांनी वाचा, पाच मिनिटे घ्या, मग तिला सांगा. माझ्या मुलाने शाळेचे नाव वाचण्याआधी माझा चेहरा वाचला, आणि पुढचे काही महिने त्या शाळेबद्दल त्याचे मत तेच राहिले.

धागाकर्ती, २ मार्च

तुम्हां सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. समान पसंतीचे स्पष्टीकरण वाचल्यावर मी ते मराठीतूनच यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले, आणि आम्ही दोघे त्या रात्री निदान एकमेकांना दोष न देता झोपलो.

काल संध्याकाळी ईमेल आली. मुलगी तिच्या खोलीत असताना आम्ही ती स्वयंपाकघरात उघडली. तिसरी, म्हणजे मुलींची शाळा मिळाली आहे. दुसऱ्या शाळेत या वर्षीची शेवटची जागा ०.८९ मैलावर संपली आणि प्रतीक्षायादीत आमचा क्रमांक चौदा आहे. कौन्सिलला लेखी विचारले असता त्यांच्या मोजणीतही ०.९४ हाच आकडा आहे, त्यामुळे तिथे चूक नाही. आमच्याकडे सांगण्यासारखे खास कारणही नाही, म्हणून अपील करायचे नाही आणि यादीत नाव ठेवून वाट पाहायची असे आम्ही ठरवले आहे. मिळालेली जागा आज सकाळी स्वीकारली.

मुलीला सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. तिच्या वर्गातील दोघी त्याच शाळेत जाणार आहेत हे तिला आमच्या आधी माहीत होते. मग तिने विचारले की तिथे जाणारी बस वाचनालयावरून जाते का. अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलांना बसप्रवास मोफत करता येतो ते झिप कार्ड तिच्यासाठी कधी मागवायचे, हेही तिनेच विचारले. शनिवारी सकाळी आम्ही दोघी त्या बसने शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन येणार आहोत. खिडकीजवळची जागा आपली, असे तिने आत्ताच सांगून ठेवले आहे.