निवृत्तीला चार वर्षे उरली आहेत: भाड्याने राहावे, फ्लॅट घ्यावा की प्लॉटवर बांधावे?

प्रश्न (सैनिकपत्नी, जुळे सोलापूर)

नमस्कार. माझे पती सैन्यात हवालदार असून सध्या ईशान्य सीमेवर आहेत, आणि 24 वर्षांची सेवा पूर्ण करून निवृत्त व्हायला त्यांना अजून चार वर्षे आहेत. लग्नानंतर चार गावांच्या क्वार्टरमध्ये संसार मांडला आणि मोडला; आता मुलीची दहावी जवळ आल्यामुळे मी दोन्ही मुलांसह येथे भाड्याने राहते. सासऱ्यांनी विजापूर रोडच्या पुढे दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट आमच्यासाठी ठेवला आहे. पती म्हणतात की कर्ज काढून लगेच बांधायला घेऊ, भाऊ म्हणतो की तयार फ्लॅट घ्या, आणि मला वाटते की ते परत येईपर्यंत थांबावे. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 (माजी सुभेदार, होटगी रोड)

ताई, थांबा. मी जम्मूला असताना ठेकेदाराच्या भरवशावर घर बांधले. वर्षाची साठ दिवसांची सुट्टी मी दोन तुकड्यांत घेतली, पण पाया आणि स्लॅब हे दोन्ही टप्पे नेमके मी नसताना झाले. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया तिच्याखालच्या मुरुमापर्यंत जायला हवा. ठेकेदाराने तो मातीतच थांबवला आणि मला फोनवर "मुरूम लागला" असे सांगितले. दुसऱ्या उन्हाळ्यात देवघराच्या भिंतीला तिरपी भेग गेली, ती आजही दर मे महिन्यात रुंदावते आणि मी दर पावसाळ्यापूर्वी भरून घेतो. शिवाय हप्त्याचाही विचार करा, कारण पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी असते आणि आज सहज झेपणारा हप्ता चार वर्षांनी गळ्याशी येतो.

उत्तर 2 (सैनिकपत्नी, शेळगी)

सुभेदार साहेबांविषयी पूर्ण आदर ठेवून मी वेगळे मत मांडते. फौजी हजर नसला म्हणून बांधकाम बिघडते असे नाही, घरचे कोणीच हजर नसेल तर बिघडते. आमचे घर मी उभे राहून बांधून घेतले. यजमान फक्त दोनदा आले. पायाच्या प्रत्येक खड्ड्यात मी स्वतः उतरून पिवळसर मुरूम हाताने पाहिला आणि मगच काँक्रीट ओतू दिले. खरी परीक्षा पाण्याची होती. नळाला काही दिवसांआड पाणी येते, आणि स्लॅबचे काँक्रीट पक्के होण्यासाठी त्यावर मात्र आळी करून दोन आठवडे पाणी साठवून ठेवावे लागते; त्यासाठी मी आधी हौद बांधून घेतला आणि स्लॅब दिवाळीनंतर टाकला, एप्रिलच्या उन्हात नाही. तुमची मुलगी दहावीला असेल ते वर्ष मात्र नक्की सोडा, कारण सकाळ-संध्याकाळ साइटवर जावेच लागते.

उत्तर 3 (दस्तनोंदणीचे काम करणारा, सोलापूर)

बांधायचे की नाही हे ठरवण्याआधी प्लॉटचे कागद पाहा. सात-बारावर सासऱ्यांच्या नावाची नोंद आहे का आणि जमीन बिनशेती झाली आहे की प्लॉट गुंठेवारीचा, म्हणजे शेतजमिनीचे मंजुरीविना तुकडे पाडून विकलेल्यांपैकी, आहे, हे तपासा. गुंठेवारीचा असेल तर नियमित झाल्याशिवाय बांधकाम परवाना आणि कर्ज दोन्ही अडते. फ्लॅट घेतलात तर तो तुमच्या एकटीच्या नावे घ्या, कारण राज्यात महिलेच्या नावे निवासी खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते आणि पतींना नोंदणीसाठी सुट्टी काढून यावे लागत नाही. पतींच्या वतीने दस्त सादर करायचा झाल्यास नोटरीचे मुखत्यारपत्र चालत नाही, ते राहतात तेथील दुय्यम निबंधकासमोर ते साक्षांकित व्हावे लागते. घेतलेले घर भाड्याने द्यायची वेळ आली तरी घाबरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 23 मध्ये सैनिकाला स्वतः राहण्यासाठी घर परत मिळण्याची खास तरतूद आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. सासऱ्यांना विचारले, तेव्हा प्लॉट गुंठेवारीचाच निघाला आणि नियमितीकरणाचा अर्ज कधी केलेलाच नाही. त्यामुळे दहावी होईपर्यंत भाड्यानेच राहू आणि तेवढ्यात तो अर्ज मार्गी लावू, असे काल रात्री फोनवर ठरले. पतींना थोडे वाईट वाटले. येत्या रविवारी सासरे आणि मी प्लॉटवर एक खड्डा घेऊन मुरूम किती फुटांवर लागतो ते पाहणार आहोत, आणि त्याचा फोटो त्यांना पाठवणार आहोत.