सपोर्ट आणि अ‍ॅडव्होकेट: मुलांना फरक शिकवायलाच हवा

महालवासी:
नागपुरात स्पर्धा परीक्षांचं इंग्रजी शिकवतो. निबंधात अ‍ॅडव्होकेट (वकील नव्हे, क्रियापद: एखाद्या गोष्टीची उघड बाजू मांडणं) याच्या जागी मुलं सर्रास सपोर्ट (पाठिंबा देणं) लिहितात, आणि मी गुण कापतो. सपोर्ट गप्प राहूनही करता येतो: मत देऊन, वर्गणी भरून. अ‍ॅडव्होकेट करणाऱ्याला तोंड उघडावंच लागतं. त्याच्या मुळाशी लॅटिन 'वोकारे' आहे, हाक मारणं. सपोर्टच्या मुळाशी 'पोर्तारे', वाहून नेणं. लोकनायक बापूजी अणे यांनी स्वतंत्र विदर्भ अ‍ॅडव्होकेट केला, त्यांचं ऐकून मागे आलेल्यांनी सपोर्ट. दोघांना एकच क्रियापद लावणं मला अन्यायाचं वाटतं.

इतवारीकर:
नाही पटलं सर. वादविवाद स्पर्धेत पोरगं माईकवर 'आय सपोर्ट द मोशन' म्हणते, ते काय गप्प असते काय? लॅटिन पाहून आजचा अर्थ ठरत नसते. सपोर्टचा अर्थ मोठा आहे, अ‍ॅडव्होकेट त्याच्यात मावते. मंग गुण काऊन कापता?

महालवासी:
तिथेही ठराव आधीच कुणीतरी मांडलेला असतो, मुलगा त्याच्या बाजूने उभा राहतो. आणि पुढचं कर्म पाहा. सपोर्ट कुटुंबाला, संघाला, छतालासुद्धा चालतो. अ‍ॅडव्होकेटला धोरण, विचार किंवा कृती लागते. १९५५ साली बाबासाहेबांनी भाषावार राज्यांवरच्या पुस्तिकेत मराठी मुलखाची चार राज्यं करा असं मांडलं; पूर्वेकडचं आपलं, विदर्भाचं. तिथे 'सपोर्टेड' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटणार, ती योजना दुसऱ्याच कुणाची होती.

धरमपेठ_वाचक:
कर्माचा नियम इतका कडक नाही. 'अ‍ॅडव्होकेट फॉर पेशंट्स' सर्रास लिहितात, 'फॉर' लावलं की माणसंही चालतात. बाबासाहेबांचं उदाहरण मात्र मला पटलं. योजना कोणाची, हे क्रियापदातून कळायलाच पाहिजे.

इतवारीकर:
बाबासाहेबांपुरतं मान्य. पण आमच्या पोराईचं नुकसान होते ते 'आय सपोर्ट टू हिम' लिहून. मराठीतला 'त्याला' इंग्रजीत 'टू' घेऊन येते. सपोर्ट क्रियापद असलं की टू लागत नाही, नाम असलं की येऊ शकते, हे त्याईले कोणी सांगतच नाही. ती चूक व्याकरणाची आहे, गुण तिथं कापा. अ‍ॅडव्होकेटच्या जागी सपोर्ट आला तर वाक्य फिकं पडते, चुकत नाही.

महालवासी:
'टू'चे गुण मी आधीपासून कापतो. फिक्या वाक्याचेही कापणार. निबंधाच्या पेपरात नेमकेपणालाच तर गुण असतात.