कॉब घोड्याला शोभेल आणि नीट बसेल असा लगाम कसा निवडू?

यॉर्कशायरकर: लेकीसाठी १४.२ हँडचा (हँड म्हणजे घोड्याची उंची मोजायचं चार इंची माप; हा १४ हँड २ इंच) कॉब घेतलाय, म्हणजे ठेंगणा, भरदार घोडा, दणकट गडी, कपाळ रुंद, गाल भरलेले. कॉब साइझचा लगाम आणला तर कपाळपट्टी तंग होते आणि तो सारखा मान झटकतो, पण गालाचे पट्टे मात्र बरोबर बसतात. त्याहून मोठा, फुल साइझ घेऊ का? शिवाय या बारीक चमचमत्या पट्टीत त्याचं डोकं अजूनच मोठं दिसतं हो.

तबेल्यातली: अख्खा फुल नका घेऊ, सुटे भाग मिळतात, फक्त कपाळपट्टी फुलची घ्या. ती आखूड असली की डोक्यावरचा पट्टा पुढे ओढला जातो आणि कानाच्या मुळाशी काचतो, तेच होतंय बिचाऱ्याला. नाकपट्टी गालाच्या हाडाखाली दोन बोटं ठेवा, आणि नाकाच्या हाडावर दोन बोटं सहज सरकली पाहिजेत, गळ्याच्या पट्ट्यात मूठ मावली पाहिजे.

जुना_स्वार: दिसण्याचं म्हणाल तर रुंद, सपाट, साधं कातडं. ब्रिटनमध्ये शोच्या कॉबलाही असाच साधा लगाम घालतात, रंगीत नाजूक पट्ट्या रायडिंग पोनीला, म्हणजे लहान, नाजूक बांध्याच्या घोड्याला शोभतात. रुंद नाकपट्टीने लांब चेहरा मस्त भरून दिसतो. आणि नवं कातडं ताणतं, महिन्याभराने भोकं परत बघाच.

यॉर्कशायरकर: आत्ता जाऊन बघितलं, कानामागचे केस घासून गेलेत, खाली कातडी गुलाबी झालीये. फार वाईट वाटलं. नवी पट्टी येईपर्यंत स्वारी बंद.